प्रभाताईंनी केलेली दुरुस्ती

मंडळी, बसा. मागे उभे असलेल्यांनीही पुढे या, सतरंजीवर जागा आहे. माझा आवाज आज फार लांब जाणार नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या निधनाच्या बातम्या नीट लावून दिल्या. कोणाची बातमी किती ओळींची, ते चटकन समजायचं. प्रभाताईंबद्दल बोलायचं म्हटल्यावर मात्र सकाळपासून पहिलं वाक्य सापडलं नाही. म्हणून सरळ कामाचंच बोलतो. त्यांना तेच आवडलं असतं.

इथं ताईंचे शेजारी आहेत, नातेवाईक आहेत. त्यांच्यासाठी सांगतो. ताई आमच्या यवतमाळच्या कार्यालयात जिल्ह्याच्या पानाच्या उपसंपादक होत्या. बातमीदार बातमी पाठवायचे, ताई ती तपासून पानावर लावायच्या. आधी हे सगळं कागदावर चालायचं. कागद एक, पेन एक. ज्याच्या हातात कागद, तोच दुरुस्ती करणार. मग कॉम्प्युटर आले आणि एकच बातमी चार जणांना चार टेबलांवर उघडता यायला लागली. आम्हाला वाटलं, काय सोय झाली! पण त्या प्रोग्राममध्ये एक खोट होती. दोघांनी एकच बातमी उघडली, तर जो शेवटी सेव्ह करेल त्याचीच राहायची. पहिल्याची मेहनत पुसली जायची, आणि त्याला कळायचंही नाही.

कापसाच्या त्या वाईट वर्षांतली गोष्ट आहे. भाव पडलेला, खरेदी केंद्रं आज सुरू तर उद्या बंद. आमच्या पानावरची कोणती बातमी लोक आधी वाचायचे? पुढाऱ्याची नाही. कापूस मोजायचा काटा कधी सुरू, कधी बंद, ती.

एका शनिवारी बातमी आली, पांढरकवड्याच्या केंद्रावर सोमवारपासून खरेदी. मी नवा होतो, तात्पुरत्या नेमणुकीवर. संध्याकाळी सहाला ती बातमी उघडून मी मथळा घासत बसलो. साडेसहाला ताईंना फोन आला. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, जागा नाही, सोमवार-मंगळवार काटा बंद, खरेदी बुधवारी. ताईंनी आपल्या टेबलावर तीच बातमी उघडली, वार बदलला, सेव्ह केली. त्यांचं माहेर त्याच भागातलं. फोन ठेवून त्या विचारात पडलेल्या दिसल्या, म्हणून मी म्हटलं, "ताई, घरी फोन करायचा असेल तर करून घ्या." आलेला फोन कशाचा होता, ते मी विचारलंसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "कायले? पेपर येते ना गावात. सगळ्याइले समजन तसं त्याइलेही समजन."

पाच मिनिटांनी माझा मथळा जमला. मी सेव्ह केलं. माझ्या पडद्यावर अजून सोमवारच होता.

सोमवारी केंद्रासमोर गाड्यांची रांग लागली आणि फाटक बंद. लोक दोन दिवस कापसावर ताडपत्री टाकून रस्त्याच्या कडेला राहिले. मुख्य कार्यालयानं खुलासा मागितला. कॉम्प्युटरवर शेवटचं नाव माझं होतं. ताईंनी मला काही विचारलं नाही. कागद ओढला आणि लिहिलं, दुरुस्ती माझ्याकडून राहून गेली. खाली सही.

मी म्हटलं, "ताई, हे खोटं आहे."

त्या म्हणाल्या, "मले बोलणी बसतीन. तुले घरी पाठवतीन. हिशेब सोपा हाय. आता रडत नको बसू, उद्या असं होऊ नाही याचा विचार कर."

विचार त्यांनीच केला. कार्यालयात लग्नपत्रिकांचा ढीग असायचा. ताईंनी त्या कापून चिठ्ठ्या केल्या, भिंतीवर फळी ठोकून तिला खिळे मारले. प्रत्येक बातमीची एक चिठ्ठी. बातमी उघडायची तर आधी चिठ्ठी काढून खिशात ठेवायची. खिळा रिकामा असेल, तर कोणाकडे आहे ते विचारायचं आणि थांबायचं. आमचे आवृत्तीप्रमुख एकदा तसेच कीबोर्डवर बसले. ताई मागे जाऊन उभ्या.

"साहेब, चिठ्ठी?"

"अहो, मी प्रमुख आहे इथला."

"म्हणूनच विचारून राह्यली. बाकीच्याइले नुसतं सांगतलं."

साहेब उठले आणि चिठ्ठी घेऊन आले!

आणि गजानन, तू मागे हसतोस, पण तुझंही सांगतो. हा आमचा खेळाचा बातमीदार. एकदा चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवून घरी गेला. इकडे कबड्डीच्या बातमीला कोणी हात लावेना. ताईंनी फोन केला, "बातमी खिशात घालून गेला ना रे तू? आता घरीच छाप अन् घरीच वाट." तेव्हापासून निघताना प्रत्येकानं दारात उभं राहून खिसा चाचपायचा, असा नियम झाला.

तुम्ही म्हणाल, यात मोठं काय? मलाही तेव्हा वाटायचं, खिळे आणि चिठ्ठ्या. पुढे नवा प्रोग्राम आला. त्यात एकानं बातमी उघडली की दुसऱ्याला कुलूप दिसायचं. शिकवायला आलेल्या इंजिनिअरला ताईंनी विचारलं, "हे कुलूप हात थांबवते. पण याच्या डोक्यातलं त्याच्या डोक्यात कसं जाईन?" त्यानं पुन्हा कुलूपच दाखवलं. प्रश्न ताईंचा बरोबर होता, कारण त्या शनिवारी नुसती माझी बोटं चुकली नव्हती. ताईंना फोनवर काय कळलं, ते मला माहीत नव्हतं. माझ्यासमोर बातमी उघडी आहे हे ताईंना माहीत नव्हतं. सहा फुटांवर बसलो होतो आम्ही! म्हणून चिठ्ठी हातात देताना एक वाक्य बोलायचंच, अशी त्यांची सक्ती होती. काय बदललं, ते. वार बदलला. आकडा बदलला. नाव बदललं. कुलूप आल्यावरही त्यांनी ते वाक्य सोडू दिलं नाही.

आता जे सांगायला उभा राहिलो, ते सांगतो.

समोर ताईंचे भाऊ बसले आहेत, नामदेवभाऊ. त्या सोमवारच्या रांगेत त्यांची गाडी होती. पुढे दर दिवाळीला मी ताईंकडे फराळाला जायचो, आणि भाऊ हसत-हसत, पण मनापासून, बोलायचे, "पभे, तुह्या पेपरच्या भरवशावर मी दोन दिवस बैलाइसंग रस्त्यावर झोपलो. सख्ख्या भावाले तरी खरं सांगाव!" ताई चिवड्याची ताटली पुढे करायच्या. मी खाली बघून खायचो.

मागच्या वर्षी म्हटलं, "ताई, आता तरी भाऊंना सांगू द्या." तर म्हणाल्या, "राहू दे. तो मले बोलते, मग मीच वाढलेलं खाते. तुले बोलून तो कुठं जेवन?"

मी नेहमी त्यांचं ऐकलं. आज ऐकत नाही.

नामदेवभाऊ, तुमच्या बहिणीनं खरंच सांगितलं होतं. बुधवार लिहिला होता. तुम्ही वाचाल, या भरवशावर लिहिला होता. तो मी पुसला. तुमचे ते दोन दिवस माझ्यामुळे गेले, आणि इतकी वर्षं बोलणी त्यांनी खाल्ली. वर्तमानपत्रात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापतात. माझा खुलासा त्या ऐकू शकत नाहीत, तेव्हा आला. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला. इथंच बोला, सगळ्यांसमोर.

बसा भाऊ, उठू नका. मीच येतो तुमच्याजवळ.

मंडळी, आपण सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. प्रभाताई, तुमच्या या सहकाऱ्याचा नमस्कार घ्या.