मरणाचा प्रवेश

सावली गावच्या बसस्टँडवर बसची वाट पाहणाऱ्या दिव्यानीच्या मागच्या बाकावर झाडीपट्टीच्या नाटकातले दोघे बसले होते, लेखक धनराज आणि आईचं काम करणारी रंजीता. दोघांच्या फोनवर एकच नाटक उघडं होतं.

“भाऊ, माझा मरणाचा प्रवेश काऊन दिसत नाई?”

“सारेच एका फाईलीत लिहून राह्यले, बाई. कोणाचं तरी बोट लागलं असन.”

“मंग गेला का तो?”

“गेलाच समज. हे आपोआप सेव होते.”

“जुनंही सेव होते, भाऊ. हे पाहा, कालचं निघालं.”

“असं का?”

“आन् खोडणाऱ्याचं नावही आहे. वाचू का?”

“राहू दे. नाटक लांबून राह्यलं होतं, बाई.”

“लांबू द्या. पब्लिक सकाळपर्यंत बसते. प्रवेश परत आणला मी. उद्या मले नीट मरू द्या.”