गीताबाईची हूं

युसूफ वडगावच्या थांब्यावर वनमाला अंबाजोगाईच्या बसची वाट बघत उभी होती. शेजारच्या बाकावर दोघी म्हाताऱ्या बोलायला लागल्या, तशी तिनं कानातला इअरफोन हळूच काढला.

"गीताबाई, सकाळीच कुठं गं?"

"भावाकडं, कडूबाई. त्याला आणते अन् सुनेला चार शब्द सुनावते. रोहिणीनं आमच्या बैठकीत डोक्याच्या मालिशचं दुकान मांडलंय. बाहेर पाटी बी लावली."

"तुला न इचारता?"

"इचारलं की! मी न्हाईच म्हणत होते. मग एक दिवस म्हणली, आत्याबाई, बसा, जरा तेल लावते. कोमट तेल, माय! बोटं अशी फिरवली की माझे डोळेच मिटले. त्यातच तिनं इचारलं, बैठकीत दुकान टाकू का? मी 'हूं' म्हणले."

"कावून म्हणलीस?"

"मी सुखाची हूं म्हणले गं. तिनं परवानगीची धरली!"

"मग घरीच भांडायचं ना."

"गेलते की भांडायला. आधी बसा तरी, म्हणती. बसलं की संपलं. अगुदर बैठक गेली, मग माजघरातला पंखा, अन् काल माझी आरामखुर्ची."

"मग भाऊच पाहिजे. आणच त्याला."

"आणते तर! लई झालं तिचं."

बस आली. वनमाला पायरी चढली, तेवढ्यात मागून गीताबाईचा आवाज आला.

"कडूबाई, तू हो पुढं. भावाचं उद्या बघू. उनानं डोकं दुखायलं माझं, मी आपली घरी जाते."