बाहेरची कडी

सकाळी रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर मिरजोळ्याच्या गाडीची रांग होती. माझ्या पुढे कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घातलेली तेजस्वी होती. तिच्या वाडीतली सोनूकाकी बाजाराला आली होती आणि गाडी लागेपर्यंत तिच्याशी बोलत उभी होती.

"आज पण सासूला कोंडून आलीस गो?"

"कोंडून नाय, काकी. बाहेरून कडी लावून आले."

"आतल्या माणसाला काय फरक?"

"कोंडतात ते गुरांना. मी पेज झाकून ठेवली, पंखा लावला. गेल्या महिन्यात एकट्याच विहिरीवर जाऊन बसल्या होत्या, विसरलात?"

"म्हणून म्हणते, कामाला निघताना माझ्याकडे आणून सोड."

"नको. तुमच्या अंगणात बसून सगळ्या वाडीला सांगतील, सून डांबून ठेवते."

"तुझा नवरा काय म्हणतो?"

"मुंबईहून फोनवर म्हणतात, आईला थोडी बंधनं हवीतच."

"तिकडे बसून त्याला बरं सुचतं!"

"काल कामावरून आले, कडी काढली, तरी दार उघडेना. आतून अडसर घातलेला."

"अगो बाय! म्हातारीने असं केलंन?"

"हाका मारल्या तर म्हणाल्या, आता तुला मी बाहेर कोंडलंय. बस जरा पायरीवर."

"मग?"

"बसले दिवेलागणीपर्यंत."

गाडी लागली. रांग पुढे सरकली. तेजस्वीने पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळली.

"काकी, बाजार करून लगेच घरी जाल ना?"

"जाईन की."

"मग आमची कडी काढा."

"आणि काय सांगू तिला?"

"काही सांगू नका. दार उघडं ठेवून जरा बसा त्यांच्याजवळ."