चंद्राबाईंच्या कड्यावरचं शून्य

दि. १६ मे २०२५

नाव अरिबा मौला शिकलगार, वय २८ वर्षे, धंदा नोकरी, रा. पलूस, जि. सांगली.

समक्ष पोलीस ठाण्यात येऊन सांगते की, मी वरील पत्त्यावर आई-वडिलांसह राहते. सावली वृद्धाश्रमातल्या सगळ्या नोंदींचा डेटाबेस चार वर्षे मी एकटी सांभाळते. तिथल्या चंद्राबाई, वय ७८, परवा दि. १४ रोजी निघून गेल्या त्या अजून सापडलेल्या नाहीत. मला कोणी बोलावलेलं नाही. माझी मी आले आहे.

चंद्राबाईंचं माहेर कोयनेच्या धरणात गेलं. रोज दुपारी त्या माझ्या खोलीत येऊन बसत, कारण सर्व्हरसाठी तिथे ए.सी. चालू असतो. डोळे मिटून म्हणायच्या, "लय गार वाटतंय गं. आमच्या गावात बी असंच आसंल. वर केवढं पाणी हाय!" त्यांच्या मते गाव बुडालेलं नाही, नुसतं पाण्याखाली आहे. चुली अजून पेटतात, धुराचे बुडबुडे होऊन वर येतात. ऐकता ऐकता मलाही ते खरं वाटायचं. कामात असले की मी नुसती मान हलवायचे. हवालदार हंबीरराव यांनी विचारलं, "पोरी, ह्येचा हितं काय संबंध?" संबंध आहे, लिहून घ्यावं.

ज्यांना विसर पडतो त्यांच्या हातात आश्रम तांब्याचं कडं घालतो. कड्यावर 'सावली' आणि नंबर एवढंच असतं. माझे वडील भांड्यांवर नावं घालतात, कड्यांवरही त्यांनीच नंबर घातले. चंद्राबाईंचा नंबर यादीत ०४१७ होता. अब्बांनी ४१७ घातला. मी तेव्हाच विचारलं होतं. ते म्हणाले, "म्होरल्या शून्याला काय किंमत गं? कशाला उगं म्हातारीच्या कड्याला टोचं मारत बसू?" मी हसून सोडून दिलं. अब्बांना यात ओढू नये. डेटाबेस त्यांचा नव्हे, माझा.

आमचा जुना डेटाबेस मायएसक्यूएल नावाच्या प्रणालीवर होता. त्यात हे नंबर अक्षरं म्हणून साठवले होते. तरी नुसता आकडा ४१७ टाकला की तो मनातल्या मनात ०४१७ या अक्षरांचा आकडा करून घ्यायचा आणि चंद्राबाईंची ओळ, म्हणजे त्यांची नोंद, समोर ठेवायचा. अब्बांसारखाच, पुढचं शून्य न मोजणारा. एप्रिलमध्ये आम्ही पोस्टग्रेस नावाच्या नव्या डेटाबेसवर गेलो. तो असं परस्पर काही करत नाही. अक्षरांशी आकड्याची गाठ घातली की चूक दाखवून थांबतो. मी तिथे अक्षरं आकड्यांत फिरवून घ्यायला हवी होती. मी घाईत आकड्यालाच अवतरणचिन्हं लावली, म्हणजे आकड्याची अक्षरं केली. चूक दिसायची थांबली. मग ४१७ आणि ०४१७ ही दोन वेगळी अक्षरं झाली. तपासताना मी चारही अंक टाकले होते, त्यामुळे सगळं जुळलं. दोष नव्या डेटाबेसचा नाही. तो बिचारा ओरडत होता, मी त्याचं तोंड दाबलं.

दि. १४ रोजी सकाळी ११.२० वाजता कराड स्टँडवरून वीरधवल नावाच्या कंडक्टरचा फोन आला. "मॅडम, एक म्हातारी हाय. कोयनानगरला न्या म्हंतीया. हातात कडं हाय, सावली चारशे सतरा. इंटरनेटवर तुमचा नंबर घावला. तुमची हाय का?" नाव विचारलं तर म्हणाला, तानुबाई सांगते. मी ४१७ टाकलं. शून्य ओळी. तानुबाई टाकलं. शून्य ओळी. तानू हे चंद्राबाईंचं माहेरचं नाव, लग्नात ते बदललं, हे मला काल त्यांच्या भाच्याकडून कळलं.

मी म्हणाले, "आमची नाही. सावली नावाचे आश्रम गावोगावी आहेत." तो म्हणाला, "नीट बघा की वो, म्हातारं माणूस हाय." मला राग आला. "कॉम्प्युटर नाही म्हणतोय म्हणजे नाही!" असं मी त्याला सुनावलं. चंद्राबाईंची खोली माझ्या खोलीच्या खालच्याच मजल्यावर आहे. मी खुर्चीवरून उठले नाही. त्या दिवशी तीस जण नेत्र शिबिराला गेले होते, त्यामुळे त्याही तिकडेच असतील असं सगळ्यांनी धरलं होतं.

दुपारी त्या आल्या नाहीत. सायंकाळी साडेपाचला शिबिराची गाडी परतली, त्यातही त्या नव्हत्या. तेव्हा मी ०४१७ टाकलं. एक ओळ आली. चंद्राबाई, खोली ६, विसराळूपणा, एकट्या सोडू नये.

कंडक्टरने स्वतःच्या खिशातून तिकीट काढून त्यांना पुढच्या गाडीत बसवून दिलं होतं. तो भला माणूस आहे. त्या तीनच्या सुमारास कोयनानगरला उतरल्या. मे महिन्यात पाणी खाली जातं आणि जुन्या गावाच्या भिंती वर येतात. शेळ्या राखणाऱ्या एका बाईंनी त्यांना त्या भिंतींकडे उतरताना पाहिलं. सावकाश, घरी निघाल्यागत चालल्या होत्या, असं ती बाई सांगते. त्यापुढे कोणी पाहिलेलं नाही. दोन दिवस होड्या फिरत आहेत. मला झोप नाही. डोळा लागलाच तर पाण्यावर बुडबुडे दिसतात.

वरील मजकूर हंबीररावांनी सावकाश वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. पण सही करण्याआधी एक गोष्ट घालायला लावत आहे, जी मी मघाशी सांगितली नाही. कंडक्टरने शेवटी फोन त्या बाईंच्या कानाला लावला होता. मागे गाड्यांचा गोंगाट होता. त्या म्हणाल्या, "आई वाट बघत आसंल गं. जाऊ का मी?" आवाज मला ओळखीचा वाटला होता. वाटला नव्हता असं मी लिहून देणार नाही. समोर पडद्यावर शून्य ओळी होत्या. मी म्हणाले, "जावा आजी. सांभाळून जावा."

आता जबाब पुरा आहे आणि खरा आहे.

सही
अरिबा मौला शिकलगार