शैलाच्या ओवीचं वाण

—नवस होता तो, दुसरं काही नाही. माझ्या तळपायांकडे तुमची नजर गेली, ते मी मघाशीच बघितलं, चारुशीलाताई. भेगा आता बुजत आल्यात. अंबादेवीसमोर उभी राहून बोलले होते मी — आई, आमच्या शैलाचा आवाज तारेवरून सुटून टेपवर उतरला, की तुला पातळ नेसवीन. तोवर पायात वहाण घालणार नाही. आणि अमरावतीचा वैशाख! डांबर चिकटायचं हो तळव्यांना. हे म्हणायचे, "सिंधू, वकिलाच्या घरची सून अनवाणी हिंडते, लोक हसतात." म्हटलं, हसू देत. — कोण शैला? म्हणजे? नाव नाही सांगितलं तुम्हाला कोणी? कमलाकांत भाऊजींची पहिली बायको. ते बिजवर आहेत एवढंच सांगितलं वाटतं. आणि ती जिन्यावरून पडली, हे? हं. ते सांगितलं असेलच. ते सगळ्यांना सांगतात. — सरबत घ्या ना. पुरुषमंडळींना बडनेऱ्याकडचं शेत बघून यायला वेळ आहे अजून. वाळ्याचं आहे, गार लागेल.

तर तारेचं सांगत होते. आमच्या मामंजींना भारी हौस. लढाई संपल्यावर लष्कराचं जुनं सामान लिलावात निघालं, त्यात कामठीहून त्यांनी आवाज धरायचं यंत्र आणलं — टेपचं नाही हो, टेप तेव्हा कुठली? तारेचं. केसाएवढी बारीक पोलादी तार, रिळावर गुंडाळलेली, ती सरकत जायची आणि माणूस बोलेल ते तिच्यात उतरायचं. कीर्तनं धरली, आरत्या धरल्या, आमच्या सासूबाईंचं ओरडणंसुद्धा धरून ठेवलं होतं त्यांनी — त्या गेल्यावर तेच लावून बसायचे! आणि शैला आली, तिचा गळा काय सांगू. चीनची लढाई झाली ना, त्याच वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. पहिली मंगळागौर तिची. रात्रभर पोरी खेळल्या, गोंगाटात गाणं काही धड उतरलं नाही, म्हणून सकाळी मामंजींनी तिला यंत्रापुढे बसवलं, म्हटलं, "पोरी, ती ओवी पुन्हा म्हण, एकटी." ती म्हणू लागली आणि मामंजी यंत्र चालूच ठेवून आंघोळीला गेले. मी पत्री घेऊन देवळात. परत आले तर जिन्याखाली माणसं जमलेली.

त्यानंतर ते यंत्र कधी लागलं नाही. रीळ मामंजींनी देवघरात नेऊन ठेवलं. दर खंडेनवमीला आपण विळी, कात्री, शिवणाचं यंत्र पुजतो की नाही — तसं ते रीळ पाटावर मांडायचे. वर पाणी शिंपडायचे, हळदकुंकू वाहायचे, आणि रडायचे. मला वाटे, सुनेची आठवण. मीही वाहायची, आमच्याकडची रीतच ती! पोलादाला पाणी, आणि वर ओलं कुंकू — कोणाच्या डोक्यात आलं नाही, की देवपूजेनंसुद्धा गंज चढतो. मामंजी गेले, मी रीळ हातात घेतलं तर बोटं तांबडी झाली, कुंकवानं की गंजानं कळेना. तेव्हा बोलले हो नवस. गाणं वाचावं, एवढंच मनात. देवीशप्पथ एवढंच.

तुमच्या अकोल्याचाच एक धर्मपाल म्हणून आहे, रेडिओ दुरुस्त करतो, इथे राजकमल चौकाकडे बसतो. त्यानं रीळ बघितलं आणि हात जोडले — "बाई, हे तार नोय, केस आहे केस. मले शिंक आली तं तुमची ओवी चाल्ली हवेत." मोठा थट्टेखोर. पण यंत्र जुळवलं त्यानं, रेडिओचे दिवे काढून घातले, गाणं शिकवणाऱ्या कोणा मास्तरांकडून टेपचं यंत्र मागून आणलं. इथेच मांडलं, या बैठकीत. एकाच्या पाठीतून वायर काढायची, दुसऱ्याच्या पोटात घालायची — आणि मग घाई चालत नाही, बरं का. मला वाटलं, पाण्यासारखं ओतायचं असेल, या हंड्यातलं त्या हंड्यात. तसं नसतं. जेवढा वेळ ती गायली तेवढा वेळ ते चालतं, आणि समोर बसून सगळं ऐकावं लागतं. सगळं. तार मधेमधे तुटायची; त्याची जाड बोटं, गाठ बसेना; मग मीच बसवली, गजऱ्याची गाठ मारतो तशी. बोट कापलं, रक्त आलं, पण गाठ बसली. आणि आवाज आला हो. शैलाचा! जशी स्वयंपाकघरातून येऊन उभी राहिली. मी रडतेय, धर्मपाल म्हणतोय, "काहून रडून राह्यल्या बाई, पावली ना तुमची देवी!" —

आणि दार वाजलं. इथलं नाही, तारेतलं. ओवी अर्धीच थांबली. "कोणासाठी गातेस? सांग. रात्रभर कोणासाठी गात होतीस?" — आमच्या भाऊजींचा आवाज. मग एक फटका. तुम्ही कधी ऐकलाय, नुसता कानांनी? डोळ्यांनी बघतो तेव्हा कमी वाटतो. मग दुसरा, तो हाताचा नव्हता. दाराला आतून लावतात तो अडणा, सागवानी — तो बसला की आधी लाकडाचा आवाज येतो आणि मग माणसाचा. ती "मामंजी" म्हणाली. मोरीत पाणी पडत होतं, तेही येतं त्यात. पुन्हा अडणा. पुन्हा. काहीतरी फुटल्यासारखं, नारळ फुटतो तसं — नको, एवढं नको सांगायला. पेला ठेवा खाली. — मी सांगणारच नव्हते हो. नुसतं द्यायचं आणि म्हणायचं घरी ऐका, असं ठरवलं होतं. पण आता तोंडातून निघालं. सगळ्यात वाईट ते नाहीच. नंतर शांत होतं, बराच वेळ, यंत्र आपलं सरकतंय. आणि मग भाऊजी म्हणतात, अगदी रोजच्या आवाजात, "ए, ऊठ. पुरे झाली नाटकं. ऊठ ना." आणि काहीतरी जड ओढत नेल्याचा आवाज. जिना या खोलीला लागूनच आहे. बघा, ते दार.

धर्मपालनं विचारलं, "बाई, इथून बंद करू?" मी म्हटलं, नाही. नवस पुऱ्या आवाजाचा आहे. शेवटपर्यंत उतरव.

— पोलीस? गेला होता की धर्मपाल. पण ते दुसऱ्या गोष्टीसाठी. टेप गुंडाळून मी आत लपवून आले न आले तोच भाऊजी आले कोर्टातून. तार पुन्हा लावून बघत होतो आम्ही, काही उतरवायचं राहिलं नाही ना ते, आणि दारात उभं राहून त्यांनी स्वतःचाच आवाज ऐकला. अडणा घेतला. पहिला घाव तारेच्या यंत्रावर, दुसरा त्या बिचाऱ्याच्या मनगटावर. हाड मोडलेलं मी ऐकलं. रीळ फुटलं तशी तार सुटली, सळसळत अंगणभर गेली, तुळशीत अडकली. त्यांनी ती चपलेनं गोळा करून बंबात घातली. माझ्या केसांना धरून मला तिथे नेलं, म्हणाले, "बघ वहिनी, गेलं तुझं गाणं." हे माझं कपाळ. हा डाग चुलीचा नाही. आणि आमचे हे? दारात उभे होते. म्हणाले, "घरातली गोष्ट घरात." पोलिसांनी धर्मपाललाच विचारलं, वकिलांच्या घरात तू शिरलास कशाला? उजवा हात आहे हो तो त्याचा.

भाऊजींना वाटतं, सगळं जळलं. टेपवर उतरलंय, हे त्यांना ठाऊकच नाही. गव्हाच्या कोठीत होती ती.

मी मुलाबाळांची बाई, मला हे घर सुटत नाही. पण देवी वाट दाखवते, माझी श्रद्धा आहे. तुमची लेक शकुन भाऊजींना दाखवली, आणि मला कळलं की तुमच्या घरी टेपचं यंत्र आहे, प्रोफेसरसाहेब शेतीची व्याख्यानं त्यावर धरतात — म्हटलं, आई, पावलीस. व्रताचं उद्यापन वाण दिल्याशिवाय होत नाही. हे वाण घ्या. या खणात गुंडाळलंय, वर नारळ ठेवते, ओटी म्हणून न्या. ओटीत कोणी हात घालत नाही. आज "कळवतो" एवढंच म्हणा. घरी दार लावून ऐका, प्रोफेसरसाहेबांनाही बसवा. आणि शकुनलाही ऐकवा, लपवू नका तिच्यापासून; लपवण्यापायीच शैला गेली.

— मोटार वाजली. पदर सारखा करा. डोळे पुसा, कांदा म्हणा. — एकच ऐका, लवकर. तुम्ही नाही म्हणालात की ते दुसरीकडे बघतील. तिवसा, वरूड, कुठेही. कोणाची मुलगी बघताहेत ते मी तुम्हाला कळवत जाईन. तुम्हीही असंच करा, ताई. शेजारी दुसरं यंत्र मांडा, वायर जोडा, शेवटपर्यंत बसून एक टेप उतरवा, आणि त्या मुलीच्या आईच्या ओटीत घाला. मग तिलाही हेच सांगा. — या, या भाऊजी! शेत आवडलं का पाहुण्यांना? आम्ही आपलं गाण्यांचं बोलत होतो.