‘म’चा सहावा शब्द

गोत्रीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी रविवारी मुलांना मराठी शिकवते ना, तिथली गोष्ट सांगते. नदीच्या पुराचं पाणी ओसरून दोनच दिवस झाले होते. सहा मुलं सतरंजीवर बसली होती आणि मी एकेकाला ‘म’चे शब्द विचारत होते. कुणी मासा म्हणालं, कुणी मोर. एकाने गुजरातीत ‘मरचुं’ म्हटलं, त्याला मी मिरची शिकवली. सगळ्यात शेवटी चार वर्षांची ईरा म्हणाली, “मगर.”

“वा, छान. कुठे बघितलीस?”

“मावशी, तुमच्या मागे.”

मी वळले. स्कूटरच्या चाकाशी चांगली चार फुटांची मगर तोंड उघडून पडली होती. मुलांना ढकलत जिन्यावर चढवलं, पहिल्या मजल्यावरच्या घरात घातलं आणि वनखात्याला फोन लावला. त्यांची माणसं मगर बांधून घेऊन गेली.

ईराला जवळ घेऊन विचारलं, “तुला ती दिसली कधी गं?”

“आपण बसलो तेव्हाच.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“माझा नंबर कुठे आला होता?”