पोरीच्या आईला सांगितलं?

कोल्हापुरात ऑपरेशन थिएटरबाहेर माझ्या शेजारी दोघं बोलत होती. गगनबावड्याचे उदयसिंह कालच बाप झालेले. विमलाबाई कबनूरच्या, मांडीवर सात महिन्यांची नात.

“पावणं, कागद हातात धरून किती वेळ बसणार?”

“पोरीला शीची जागाच न्हाय, मावशी. पोट फुगलंय.”

“मग सही करा की!”

“पोटावर भोक पाडून आतडं भाईर काढणार म्हणत्यात. आमची आई म्हणत्या, घरला आण.”

“आणि घरात नुसतं बघत बसणार? नातीच्या पोटावरची ही शीची पिशवी बघा. आमच्या मोनाचंबी असंच हुतं. नंतर खाली शीची जागा केली. आज पोटावरचं भोक बुजवणार.”

“लई रडत्या?”

“उपाशी ठेवलंय म्हणून रडत्या.”

“हिच्या आईला कवा सांगितलं?”

“पहिल्याच दिवशी. तुमी?”

“आमची संयोगिता गावाकडच्या दवाखान्यात हाय. पोरीला कावीळ झाली म्हणून सांगितलंय.”

“बाळाचे वडील कोण? सही झाली का? डॉक्टर थांबलेत.”

“पेन द्या, सिस्टर. हं, घ्या कागद. मावशी, जरा जवळ बसा. हॅलो, संयोगिता? नीट ऐक. पोरीला कावीळ न्हाय.”